संप चालू असलेल्या कंपनीत ठेकेदार बोलावतोय, डबल रोज देतो म्हणे. गेलो तर कायद्यात अडकेन का?

फिटर_पाचोरा
नमस्कार मंडळी. आयटीआय फिटर आहे, अप्रेंटिसशिप झाली, त्यानंतर चार महिने घरीच. परवा एका लेबर ठेकेदाराचा फोन आला, जळगाव एमआयडीसीत चटईची कंपनी आहे (नाव नको), तिथे तेरा दिवसांपासून संप चालूये, एक्स्ट्रूडर (प्लास्टिकचा दाणा वितळवून बाहेर काढणारी मशीनं) बंद पडलेत, डाय बदलायला आणि लाइन चालू करायला पोरं पाहिजेत. रोज ११०० देतो म्हणे, एरवी हेच काम साडेपाचशेत करून घेतात. अट एवढीच की एकदा आत गेलं की आठ-दहा दिवस बाहेर यायचं नाही, राहणं जेवण आतच, गाडी पहाटे चारला पाचोऱ्यातून उचलणार आणि गाडीत बसल्यावर मोबाईल बंद.

गोची अशी की माझे सख्खे मामा त्याच कंपनीच्या गेटवर मांडव टाकून बसलेत. सतरा वर्षं झाली त्यांना लूमवर. आईला अजून काही बोललो नाही.

त्यात मित्राने एक रील पाठवली की कॅनडात असा कायदाच आहे, संपात दुसरी माणसं आणली तर मालकाला दिवसाला एक लाख डॉलर दंड. हे खरंय का? आपल्याकडे असं काही आहे का, का इथे सगळं चालतं? आणि माझ्यावर केस होऊ शकते का? मामांचा विचार कर वगैरे ज्ञान नका देऊ, ते मला कळतं, कायद्याचं सांगा.

भरीत_पार्टी
पहाटे चारला गाडी, मोबाईल बंद, दहा दिवस बाहेर यायचं नाही. भो ही नोकरी आहे का अपहरण?

फायलीवाला_धुळे
आधी तुझ्यापुरतं. संपाच्या जागी काम करायला गेलास एवढ्यावरून तुझ्यावर केस होत नाही. हा कायदा धरतो तो मालकाला, आत गेलेल्या पोराला नाही. मी वकील नाही, धुळ्यात एका वकिलांकडे पंचवीस वर्षं लेबरच्या फायली सांभाळतोय, त्यामुळे सल्ला म्हणून घेऊ नको, माहिती म्हणून घे.

आपल्याकडे कायदा नाही हे साफ चूक. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, नाव हातभर लांब, कोर्टात सगळे त्याला नुसतं पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने करायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी आहे, अनुचित कामगार प्रथा म्हणतात त्याला. आयटम ८ बघ, बेकायदेशीर नसलेला संप चालू असताना नवीन भरती करणे. आयटम २ त्याहून कामाचा, संप मोडायला म्हणून नेहमीचं काम कामगारांकडून काढून ठेकेदाराला देणे. आणि आयटम ४, कायदेशीर संपावरून परत येणाऱ्या एकेकट्या कामगाराला चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र दे मगच आत घेतो असं म्हणणे. मामांना सांगून ठेव, संप मिटताना हे हमीपत्र हमखास पुढे येतं. केंद्राच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही १९८२ च्या दुरुस्तीने हेच घातलं होतं, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली तर तिच्या दुसऱ्या अनुसूचीतही ते जसंच्या तसं आहे. म्हणजे कागदावर आपण कॅनडाच्या मागे नाही, पुढेच आहोत.

मेख आहे ती "बेकायदेशीर नसलेला" या शब्दांत. पल्पखाली संपाआधी १४ दिवसांची नोटीस पाहिजे, मान्यताप्राप्त युनियन असेल तर सभासदांचं बहुमत पाहिजे. नोटीस नाही, की संप बेकायदा, की मालकाने भरती केली तरी आयटम ८ लागत नाही. म्हणून मालकाचा वकील पहिल्याच दिवशी लेबर कोर्टात पळतो, संप बेकायदा ठरवा म्हणून. आणि युनियनची भरतीची तक्रार मात्र जाते इंडस्ट्रियल कोर्टात, कारण लेबर कोर्टाकडे तक्रारींपैकी फक्त आयटम १ दिलेला, बडतर्फीचा. झालं, एक संप, दोन कोर्टं, दोन तारखा. नवीन संहितेत अजून एक गंमत आहे, नोटीस मिळाली की समेट अधिकाऱ्याने समेट सुरू करायचाच, आणि तो चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. नोटीस दिली तरी अडकला, नाही दिली तरी अडकला.

आता दंडाचं. जुन्या केंद्राच्या कायद्यात सहा महिने कैद किंवा हजार रुपये किंवा दोन्ही. नव्या संहितेत अनुचित प्रथेला दहा हजार ते दोन लाख, रोजचे नाही, एकूण. आणि बेकायदा संपावर गेलेल्या कामगाराला एक ते दहा हजार दंड किंवा महिनाभर कैद किंवा दोन्ही. कोणाला काय परवडतं ते तूच बघ.

ब्रॅम्प्टन_व्हाया_अमळनेर
रील अर्धी खरी आहे. कायद्याला इथे सी-५८ म्हणतात, २० जून २०२४ ला सही झाली आणि बरोबर एक वर्षाने २० जून २०२५ ला लागू झाला. दंड दिवसाला एक लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत, म्हणजे आपले साठेक लाख. ठेकेदाराची माणसं चालत नाहीत, बोलणीची नोटीस दिल्यानंतर घेतलेला मॅनेजरसुद्धा चालत नाही, आणि पूर्ण संप असेल तर युनियनमधलाच कोणी फुटून आत जाऊन काम करतो म्हणाला तरी मालकाने त्याला काम द्यायचं नाही. टाळेबंदीलाही, म्हणजे मालकानेच कामगारांना बाहेर ठेवलं तरी, हेच लागू. सूट कशाला, तर जीवाला धोका, मालमत्तेचं किंवा पर्यावरणाचं मोठं नुकसान असं काही असेल तर. शिवाय संपात कोणतं काम चालूच ठेवायचं हे दोन्ही बाजूंनी आधी बसून लिहून ठेवायचं, त्याशिवाय ७२ तासांची संपाची नोटीसच देता येत नाही.

पण रीलवाला हे सांगत नाही की हा कायदा फक्त केंद्राच्या अखत्यारीतल्या धंद्यांना आहे, बँका, टेलिकॉम, रेल्वे, बंदरं, विमानं. मी वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, मला तो लागूच नाही, मी ऑन्टारिओच्या कायद्याखाली येतो. आणि ऑन्टारिओत १९९३ ला असा कायदा आला होता, सरकार बदललं आणि १९९५ ला गेलाही. क्वेबेकमध्ये मात्र १९७७ पासून आहे. शेजारी अमेरिकेत तर उलटं, तिथे १९३८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पगारवाढीच्या संपात घेतलेली माणसं मालक कायमची ठेवू शकतो, संपवाल्याला परत घेतो पण जागा रिकामी झाली की.

आणि कायदा करून सगळं झालं असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी ९ हजारांवर कामगारांना एकदम बाहेर काढलं, टाळेबंदी. तेव्हा हा कायदा लागू व्हायचा होता, पण सरकारने त्या भानगडीत न पडता दुसरंच कलम वापरून सरळ लवादाकडे पाठवलं, चला कामावर. ऑगस्ट २०२५ ला विमानातल्या अटेंडंट लोकांचा संप झाला, कायदा लागू होऊन दोन महिने झालेले, तरी परत तेच कलम. फक्त ते लोक ऐकले नाहीत, संप चालूच ठेवला आणि तीन-चार दिवसांत समझोता पदरात पाडून घेतला.

प्लॉट_नंबर_नको
मी मालक बाजूचा माणूस. छोटाच, चौदा जण, पाइप फिटिंगचं मोल्डिंग. शिव्या द्या पण ऐका.

संप झाला की मालक पैशावर लोळत असतो असं वाटतं लोकांना. मी २०१९ ला नऊ दिवस बंद होतो. पार्टीने ऑर्डर राजकोटला दिली, ती आजपर्यंत परत आलेली नाही, संप मिटला, पगार वाढवला, आणि ओव्हरटाइमच संपला, वाढलेला पगार पण पोरांना कमीच पडला. त्यामुळे संपात कोणालाच आत घ्यायचं नाही हे कागदावर छान आहे. मशीनचं काय? एक्स्ट्रूडर गरम असताना तसाच बंद केला तर दाणा बॅरलमध्ये जळतो, काळा होतो, स्क्रू जाम होतो, मग बाहेर काढून खरडत बसा. बंद करतानाही कोणीतरी शहाणा माणूस लागतो पर्जिंग करायला, म्हणजे आतला माल काढून बॅरल साफ करायला. तेवढ्यापुरती सोय कॅनडावाल्यांनी ठेवलीय असं वर लिहिलंय, ते बरोबर केलं.

तरी फिटर भाऊ, तुला एक सांगतो, मी त्या नऊ दिवसांत बाहेरची पोरं आणली नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही. नवीन पोराच्या हातात चालू मशीन देणं मला झेपत नाही. तुला तिथे मशीन दाखवणारा कोणी नसेल, कारण जे दाखवू शकतात ते गेटबाहेर आहेत. बोट गेलं तर ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तुझं नाव आहे का? ठेकेदाराच्या मस्टरवर आहे का? मोबाईल बंद ठेवायला लावणारा माणूस मस्टरवर नाव घालेल असं वाटतं का?

फायलीवाला_धुळे
प्लॉट भाऊ मुद्द्याचं बोलले. मस्टर. पल्पची केस जिंकायची तर भरती झाली हे दाखवावं लागतं आणि मालक म्हणतो भरती केलीच नाही साहेब, कंपनीच्या मस्टरवर एक नाव वाढलेलं दाखवा. ठेकेदार म्हणतो माझी माणसं तिथे आधीपासूनच आहेत, गेटपास दाखवतो, मागच्या तारखेचे. काही ठिकाणी ट्रेनी म्हणतात, काही ठिकाणी अप्रेंटिस, अप्रेंटिस तर कायद्याने कामगारच नाही.

एका केसमध्ये (गाव, कंपनी काही सांगत नाही) मालकाचं म्हणणं होतं की संपाच्या काळात आत फक्त सात जण स्टाफ होता, तेच थोडंफार चालवत होते. युनियनकडे पुरावा शून्य, फोटो लांबून काढलेले, त्यात नुसती भिंत. मग एका कामगाराच्या बायकोच्या लक्षात आलं की आत डबे जातात ते तिच्याच गल्लीतल्या खानावळीतून. खानावळवाल्याची वही आणली. एका वेळच्या १८० पोळ्या, दोन वेळच्या मिळून रोज ३६०, डाळ-भात वेगळा. सात माणसं. कोर्टाने वही हातात घेऊन दोनदा पान उलटलं आणि आमच्या समोरच्या वकिलाला विचारलं, तुमचा स्टाफ फार जेवतो का हो. आठवड्यात अंतरिम आदेश आला. पण तोवर संपाला ४१ दिवस झाले होते आणि निम्मे लोक हमीपत्र देऊन आत गेलेले.

गुळण्याची_चावडी
पण टाळेबंदीचं काय? आमच्याकडे (चाळीसगाव साइड) मालकानेच कुलूप लावलं आणि मागच्या गेटने दुसरे आत. तेव्हा युनियनचे लोक म्हणत होते की हे कायद्यात नाहीच.

फायलीवाला_धुळे
@गुळण्याची_चावडी अर्धं बरोबर. आयटम ८ मध्ये फक्त संप हा शब्द आहे, टाळेबंदी नाही. ही फट खरीच आहे. पण टाळेबंदीची व्याख्या वाचा, जागा बंद करणे एवढंच नाही, कितीही कामगारांना काम द्यायला नकार देणे हीसुद्धा टाळेबंदी. म्हणजे तुम्हाला बाहेर ठेवून दुसऱ्यांकडून चालवतो म्हणजे बंद केलेलं नाही हा बचाव चालायला नको. आणि टाळेबंदीलाही १४ दिवसांची नोटीस लागते, नाहीतर ती बेकायदा, आणि बेकायदा टाळेबंदी ही स्वतंत्र भानगड आहे. मागच्या गेटचं शूटिंग तारीख-वेळेसकट ठेवा आणि ९० दिवसांच्या आत तक्रार करा, नंतर उशीर का झाला तेच सांगत बसावं लागतं.

ब्रॅम्प्टन_व्हाया_अमळनेर
टाळेबंदीवरून आठवलं. क्वेबेकमध्ये १९७७ चा कायदा असून काय झालं ऐका. माँट्रियलच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने जानेवारी २००९ ला अडीचशेच्या वर लोकांना बाहेर काढलं. कायदा म्हणतो त्या आस्थापनेत दुसरा माणूस कामाला लावायचा नाही. मग त्यांनी मॅनेजर लोकांकडून आणि बाहेरून बातम्या घेऊन पेपर काढला, ऑफिसच्या चार भिंतींच्या आत बाहेरचा कोणी आला नाही. दोन वर्षं पेपर एक दिवस चुकला नाही. फेब्रुवारी २०११ ला मिटलं तेव्हा बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. कायदा १९७७ चा, त्यात "आस्थापना" लिहिलेलं, आणि तोवर इंटरनेट आलेलं.

मागावरचा_नातू
हे माँट्रियलचं वाचून अंगावर काटा आला कारण आमच्या घरात हेच झालंय, फक्त आम्ही दुसऱ्या बाजूला होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार. मुंबईत गिरण्यांच्या गेटवर माणसं बसलेली, आत कोणी जाईना. पण कापड बाजारात येतच होतं ना. भिवंडी, मालेगाव, यंत्रमाग जिथे जिथे होते तिथून. आमच्या आजोबांचे चार माग होते. ते सांगायचे, त्या वर्षी सूत देणारा व्यापारी स्वतः घरी यायला लागला, आधी आम्हीच त्याच्या दारात उभे असायचो. रात्री माग बंद झाला तर आजी उठून बघायची, इतकी खडखडाटाची सवय झाली होती. त्या पैशात घराचा वरचा मजला झाला. आणि आजोबांचा सख्खा साडू परळला गिरणीत होता, तो संपात बसलेला, वर्षभराने गावी परत आला आणि आमच्याच वरच्या मजल्यावर राहिला. दोघांना कळायला फार वर्षं लागली की कोणी कोणाचं काम केलं. आजोबा काही गेट ओलांडून गेले नव्हते. गेटच उठून घरी आलं होतं.

त्यामुळे भरती करू नका, बाहेरचा माणूस आणू नका हे ठीकय, पण काम बाहेर गेलं तर कोणता कायदा धरणार? आता तर प्लॉट भाऊ म्हणतात तसं राजकोटला जातं, एका फोनवर.

जंक्शनची_पोर
भुसावळ. आमच्या पप्पांचा १९७४ चा रेल्वे संप, ८ मे ला सुरू झाला. त्या वेळी गाड्या चालवायला टेरिटोरियल आर्मीची माणसं आणली होती सरकारने, म्हणजे बदली माणसं आणणारं खुद्द सरकार, कोण कोणाला दंड करणार. जे कामावर गेले त्यांना लॉयल म्हणायचे. आमच्या क्वार्टरच्या बाजूचे काका लॉयल होते. वीस दिवसांत संप संपला पण मम्मी आणि त्या काकू एका नळावर पाणी भरायच्या आणि बोलायच्या नाहीत, माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नापर्यंत, म्हणजे चौदा वर्षं. लग्नात काकूंनी स्वतःहून येऊन पोळ्या लाटल्या, तेव्हा सुटलं.

ज्ञान नको म्हणालास म्हणून एवढंच. बाकी तुझी मर्जी.

भरीत_पार्टी
आणि एसटीचा विसरलात सगळे. २०२१-२२ चा. खासगी गाड्या थेट स्टँडात लावल्या, कंत्राटी ड्रायव्हर घेतले. पण तिथे संप कायदेशीर का बेकायदेशीर यावरच कोर्टकचेरी, म्हणजे परत फायलीवाले भाऊंचा तोच मुद्दा. पोळ्यांची वही भारी होती राव.

फिटर_पाचोरा
उत्तरं दिल्याबद्दल सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं.

ठेकेदाराला फोन करून विचारलं की मस्टरवर नाव घालणार का आणि ईएसआयसीचं काय. म्हणे तू फिटर आहेस का इन्स्पेक्टर, येणार असशील तर ये. 

मग ज्ञान नको नको म्हणत शेवटी मामांनाच फोन केला. नोटीस दिलीये, कामगार अधिकाऱ्याच्या शिक्क्याची पोच त्यांच्याकडे आहे, मतदान पण झालंय. मग मी सांगितलं की मला बोलावलंय. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मागे मांडवात कोणीतरी पत्ते पिसत होतं त्याचा आवाज येत होता. मग अहिराणीत म्हणाले, "येवानं व्हई ते ये भो, मी तोंड फिराई लिसू. पण तीन नंबरना हीटर बँड शॉक मारस, त्याले हात नको लावू." तेरा दिवस बाहेर बसलाय माणूस आणि मशीनचा शॉक सांगतोय मला.

नाही गेलो. गाडी आज पहाटे आली होती, दोनदा हॉर्न दिला, आई उठून म्हणाली एवढ्या सकाळी कोण मेलं. गाडी भरलेली होती, खिडकीतून बघितलं, दोन पोरं माझ्याच बॅचची.

फायलीवाला भाऊ, तुमची खानावळीची गोष्ट मामांना सांगितली. ते म्हणाले थांब, आणि फोन चालू ठेवूनच कोणालातरी हाक मारली, "डबे कोठून येतस रे आत?"